शेक्सपिअरचं अठरावं सुनीत

आज एकच कविता, चौदा ओळींची. सुनीत म्हणजे सॉनेट, केशवसुतांनी मराठीत आणलं तेच. शेक्सपिअरच्या या अठराव्या सुनीताची पहिली ओळ भेटकार्डांवर आणि सिनेमांत इतकी वापरली गेलीय, की पुढच्या तेरा ओळींसाठी कुणी थांबतच नाही.

कवी विचारतो, तुला उन्हाळ्यातल्या दिवसाची उपमा देऊ का? इथं आपली जरा पंचाईत होते. वैशाखातल्या दुपारची उपमा आपल्याकडे कुणी दिली तर भांडणच व्हायचं! इंग्लंडातला उन्हाळा म्हणजे वर्षभर वाट पाहून मिळालेलं ऊन. पण गंमत बघा, उपमा सुचवली आणि कवीनं लगेच ती मोडीतही काढली. वारा कळ्यांना झोडपतो, सूर्य कधी भाजतो तर कधी ढगाआड जातो, आणि मोसम बघता बघता संपतो. नवव्या ओळीला कविता वळते: तुझा उन्हाळा मात्र सरणार नाही. का? तर तू या कवितेत आहेस म्हणून.

आता यात त्या व्यक्तीचं वर्णन शोधा. डोळे, केस, नाव, काही नाही. स्त्री की पुरुष, तेही कळत नाही. त्यासाठी आजूबाजूच्या कविता बघाव्या लागतात. १६०९ मध्ये थॉमस थॉर्पनं १५४ सुनीतं छापली. त्यातली पहिली १२६ एका देखण्या तरुणाला उद्देशून आहेत, असं सहसा मानलं जातं. पहिल्या सतरांत तर कवी घरातल्या काकांसारखा त्याच्या मागेच लागलाय: लग्न कर, मूल होऊ दे, म्हणजे तुझं रूप मागे राहील. अठराव्यात मुलाचा विषयच नाही. वारसाच्या जागी कविता आलीय! प्रेम आहेच, पण केवढी ही कवीची ऐट. मला ही कविता आवडते ती या ऐटीसाठी.

पण वचन पाळायचं तर कविता लोकांच्या हाती राहायला हवी ना? १६४० मध्ये जॉन बेन्सननं ही सुनीतं नव्यानं छापली. काही एकमेकांना जोडली, स्वतःची शीर्षकं दिली, काही ठिकाणी 'तो'चं 'ती' केलं आणि आठ गाळली. त्या आठांत हे अठरावंही होतं! पुढच्या शतकातल्या बऱ्याच आवृत्त्या बेन्सनच्याच वाटेनं गेल्या. एडमंड मलोननं १७८० मध्ये १६०९ चा पाठ पुन्हा पुढे आणला, तेव्हा कुठे घडी बसली. १६०९ च्या त्या पुस्तकाच्या आज १३ प्रती उरल्यात.

आणि ज्याला अमर केलं, तो तरुण कोण? कुणी साउथॅम्प्टनचा अर्ल म्हणतं, कुणी पेम्ब्रोकचा. वाद अजून मिटलेला नाही.

पुढच्या भागात १३० वं सुनीत. तिथं हाच कवी प्रेयसीला एकही गोड उपमा द्यायला तयार नाही. भेटूया.