आपली माहिती कोण जोडतंय?

आजच्या अभ्यासवर्गासाठी मला विषय दिलाय 'डिजिटल युगातील खासगीपणा'. नाव भारदस्त आहे, पण घरी सांगितल्यावर आई एवढंच म्हणाली, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" तुमच्यापैकी अनेकांच्या मनात हेच असणार. म्हणून पासवर्ड, हॅकिंग वगैरेंकडे मी आज जातच नाही. मी रेशनकार्डाबद्दल बोलणार आहे.

हो, रेशनकार्डच. आपल्या तेलंगणात २०१४ ते २०१९ या काळात अठरा लाखांहून जास्त रेशनकार्डं रद्द झाली. कित्येकांना नोटीस नाही, घरी येऊन चौकशी नाही. दुकानावर पिशवी घेऊन गेल्यावर कळलं की कार्ड बंद. या छाननीत पुढे 'समग्र वेदिका' नावाची प्रणाली वापरली गेली. ती वेगवेगळ्या सरकारी खात्यांकडच्या नोंदी, म्हणजे कुठे वाहननोंदणी, कुठे मालमत्ता कर, एकमेकींशी जोडते आणि प्रत्येक माणसाचं एक चित्र उभं करते. गाडी दिसली की तुम्ही गरीब नाही. हैदराबादच्या एका विधवा बाईंची हकीकत जानेवारी २०२४ मध्ये अल जझीराने छापली होती. त्यांचा नवरा रिक्षा चालवायचा. प्रणालीने ठरवलं की त्याच्या नावावर चारचाकी आहे. गाडी होती, पण ती मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच माणसाची!

आता मला सांगा, त्या बाईंकडे लपवण्यासारखं काय होतं?

हे प्रकरण वाचताना मला आपल्या नावांचीच धास्ती वाटली. बघा ना, तेलुगू माणूस घराण्याचं नाव आधी लावतो, तेही बहुधा एका अक्षरात. आपण स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. फॉर्म भरून घेणारा मुलगा त्याच्या सवयीने उलटसुलट करतो. 'काळे' आणि 'काले' ही दोन वेगळी आडनावं, इंग्रजीत एकच होतात. आणि बायकांचं तर विचारूच नका. आपल्यात लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आजीच्या पिढीत तर पहिलं नावही बदलायचे. शाळेच्या दाखल्यावर सुशीला नारायण कुलकर्णी, आधारवर सुनंदा प्रभाकर जोशी. माणसाला हे समजतं. सुलतान बाजारातला जुना दुकानदारसुद्धा सांगेल की ही तीच बाई. पण नावांची अक्षरं ताडून बघणाऱ्या प्रणालीला एकीच्या दोन बाया दिसतात, नाहीतर दोघींची एक. परराज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांची कागदपत्रं आधीच दोन-तीन लिप्यांत विखुरलेली असतात, त्यामुळे ही चूक आपल्या वाट्याला येण्याचा संभव जास्त.

म्हणून खासगीपणा म्हणजे गुपित हा अर्थ मला पुरेसा वाटत नाही. गाडीची नोंद आपण आरटीओला दिली, मीटरसाठीची वीजखात्याला. प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं. ती कुणी, कशासाठी जोडली हे आपल्याला कळलं पाहिजे, आणि चुकीची जोडली तर "थांबा, हा मी नाही" म्हणायला जागा पाहिजे. रेशनच्या प्रकरणात ही जागाच नव्हती. हैदराबादचे कार्यकर्ते एस. क्यू. मसूद हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेले, आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द कार्डांची फेरतपासणी करायला सांगितली.

याच मसूद यांची दुसरी गोष्ट. मे २०२१, लॉकडाऊन. रस्त्यात पोलिसांनी त्यांना अडवलं, मास्क काढायला लावला आणि चेहऱ्याचा फोटो घेतला. हा फोटो कुठे जाणार, किती दिवस राहणार, कुठल्या कायद्याखाली घेतला? त्यांनी चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेच्या विरोधात तेलंगणा उच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारला नोटीस काढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंजारा हिल्सचं पोलिसांचं कमांड कंट्रोल सेंटर सुरू झालं, ज्याच्या काचेच्या इमारतीसमोर आपण हौसेने सेल्फी काढतो!

राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे, तेव्हा थोडा इतिहास सांगितल्याशिवाय सोडणार नाही. उत्तर प्रदेशात खरक सिंग म्हणून एक माणूस होता. दरोड्याच्या प्रकरणातून पुराव्याअभावी सुटला, तरी पोलीस रात्रीबेरात्री येऊन त्याचं दार ठोठवायचे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या त्या फेऱ्या रद्द ठरवल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे काही मान्य केलं नाही. ते मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. या हक्कात सरकारला हात घालायचा असेल तर कायदा हवा, उद्देश योग्य हवा आणि उपाय त्या उद्देशाच्या मानाने बेताचा हवा. खरक सिंगच्या वेळी निदान हवालदाराला चालत यावं लागायचं आणि दार वाजलेलं तरी ऐकू यायचं. आता दार वाजत नाही.

कायदा आता आहे का? आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ लागला, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत. दुकानदार, अ‍ॅपवाले, कंपन्या यांच्यावर त्याचा उपयोग होईल. माझी काय माहिती आहे ते दाखवा, चूक दुरुस्त करा, असं म्हणता येईल. पण कलम १७ नुसार केंद्र सरकार देशाची सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यासाठी कुठल्याही सरकारी यंत्रणेला सूट देऊ शकतं. आणि अनुदान-लाभाच्या कामी सरकारला आपल्याकडच्या ठरावीक नोंदी नव्या संमतीशिवाय वापरायची मुभा आहे. म्हणजे आज सांगितलेल्या दोन्ही गोष्टी जिथे घडल्या, तिथेच कायदा ढिला आहे. माझ्या मते तो तिथेच सगळ्यात घट्ट हवा होता.

मग आपण काय करायचं? कुठलाही अर्ज नामंजूर झाला तर "सिस्टीममध्ये येतंय" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. कारण लेखी मागा. कुठल्या नोंदीवरून ठरवलं ते माहिती अधिकारात विचारा. अर्ज लिहायला मी आणि माझ्या दोन मैत्रिणी रविवारी वाचनालयात बसू. येताना आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला यांच्या झेरॉक्स आणा, नावातला फरक तिथेच ताडून बघू.

आणि जाता जाता एक, रागावू नका. आपल्या मंडळाची सभासद सूची आणि वधूवर सूची, नाव, पत्ता, जन्मवेळ, पगार, मोबाईल सगळ्यासकट, पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. माझ्याकडे ती चार ग्रुपांवरून आली. मुलींचे नंबर त्यात आहेत, त्यांना कुणी विचारलेलं नाही. ही पीडीएफ ग्रुपांवरून काढावी आणि पुढची सूची प्रत्येकाला विचारूनच छापावी, असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. अनुमोदक हवाय.