जुन्या गाडीला नवे टायर

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, की आमच्याकडे मोटार नाही, शर्यतीची मोटार तर नाहीच नाही. मग तिच्या टायरांची चर्चा आम्ही कशाला ऐकावी? शंका रास्त आहे. पण ज्यांनी आपल्या वऱ्हाडात शंकरपट पाहिला आहे, त्यांना पटावरची छकडी आणि घरची बंडी यांतला फरक सांगावा लागत नाही. बंडीने ओझे वाहायचे, छकडीने धावायचे. म्हणून पटाच्या आदल्या दिवशी जाणता धनी बैलांना जसा हात लावून पाहतो, तशी चाकेही पाहतो. वेग वाढला की चाकाची परीक्षा वाढते. आज सांगायचे आहे ते एवढ्याच गोष्टीभोवती आहे.

माझ्याकडे वडिलांची एक प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. आधी ती फियाट म्हणून ओळखली जाई. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून आपण ती सिनेमात पुष्कळदा पाहिली आहे. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण या फियाटला एक तरुणपणही होते. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत, त्यांत ती धावत असे. तेव्हा आमच्या घरच्या या म्हातारीला मी कौतुकाने शर्यतीची गाडी म्हणतो. ती वापरतो मात्र फार थोडी. कधी लग्नकार्याला, कधी अकोल्याला बहिणीकडे.

आणि थोडी वापरतो, इथेच माझी चूक झाली.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अकोल्याहून अमरावतीला परत येत होतो. मागे आई बसली होती. निघण्यापूर्वी हवा भरायला थांबलो, तेव्हा पंक्चर काढणारा मुलगा चाकाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "सर, नक्षी नोका पाहू, रबर पाहा. मेलं हाये ते." मी वाकून पाहिले. नक्षी नवीकोरी, खोल खोल. त्याला टायर विकायचे असतील असे मनात आणले आणि निघालो. मूर्तिजापूर मागे पडले आणि पुढचे डावे चाक बंदुकीसारखे वाजले. गाडी डावीकडे ओढली गेली, रस्ता सोडून मातीत उतरली आणि बाभळीच्या अलीकडे थांबली. कोणाला इजा झाली नाही. आई एवढेच म्हणाली, "त्या पोराचं ऐकायचं होतंस." मी एम.ए. झालेला, अर्थशास्त्र शिकवणारा. पण त्या पोराला जे दिसत होते ते मला दिसले नव्हते.

अर्थशास्त्रात आम्ही सांगतो, की वस्तूची झीज दोन प्रकारांनी होते: वापराने आणि काळाने. टायरची वापराची झीज डोळ्यांना दिसते, कारण नक्षी उडते. काळाची झीज दिसत नाही. हवेतला प्राणवायू आणि ओझोन रबराला हळूहळू कडक करतात. ऊन ते काम जलद करते. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो, आणि रस्ता हवेपेक्षाही तापतो. कडक झालेले रबर वाकताना तडकते आणि आतले थर सुटू लागतात. जी गाडी रोज धावते तिची नक्षी आधी संपते आणि टायर वेळेवर बदलला जातो. हौसेने झाकून ठेवलेल्या गाडीची नक्षी शाबूत राहते आणि मालक फसतो. जुन्या शर्यतीच्या गाड्यांचे दुखणे बहुतेक हेच.

शिवाय रस्ते बदलले. अकोला-अमरावती मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबराचा सलग थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. खड्ड्यांतून ताशी ४० ने जाताना जो म्हातारा टायर तग धरत होता, तो गुळगुळीत रस्त्यावर ९० ने धावताना तग धरेलच असे नाही.

मग टायर निवडावा कसा?

पहिली गोष्ट, वय पाहा. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. तीनच आकडे असतील तर तो २००० सालापूर्वीचा, त्याला हात जोडावेत. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. कित्येक कारखानदार दहा वर्षे ही शेवटची मर्यादा धरतात. आपल्या उन्हात मी तितकी वाट पाहणार नाही. दुकानदार स्वस्तात देतो म्हणून गोदामात पडून राहिलेला माल घेऊ नये. डिकीतले पाचवे चाकही तितकेच म्हातारे झालेले असते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट, माप. टायरवर १६५/८० आर १४ असे लिहिलेले असते. १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ८० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या शेकडा ८०, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी. १४ हा चाकाचा इंचातला व्यास. शिक्षकबंधूंनी वर्गात हे गणित अवश्य घालावे. १४ इंच म्हणजे सुमारे ३५६ मिलिमीटर. त्यात १३२ दोनदा मिळवा, एकूण व्यास ६२० येतो. आता १८५/६० आर १४ घ्या. उंची १११, एकूण व्यास ५७८. गाडी दोन सेंटिमीटरने खाली बसली! आपल्या काळ्या मातीच्या चाकोरीत दोन सेंटिमीटर थोडे नव्हेत. शिवाय वेगाचा काटाही खोटे बोलू लागतो.

माझा मुलगा म्हणाला होता, "बाबा, रुंद टायर टाका, गाडी शोभून दिसेल." जुन्या गाडीचे सुकाणू हाताच्या बळाने फिरते, रुंद टायरने ते जड होते, वळताना टायर पत्र्याला घासतो. गाडी ज्या मापासाठी बांधली, त्या मापाच्या जवळच राहावे.

तिसरी गोष्ट, भार आणि वेग. मापापुढे ८४ टी असे काही असते. ८४ म्हणजे त्या टायरला ५०० किलो भार पेलतो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत वेग. मूळ टायरपेक्षा खालच्या खुणेचा टायर घेऊ नये.

चौथी गोष्ट, बांधणी. माझ्या गाडीला पूर्वी एकमेकांना तिरके छेदणाऱ्या धाग्यांचे जुन्या पद्धतीचे टायर येत. आता रेडियल सहज मिळतात. पण एकाच आसावर एक जुन्या पद्धतीचा आणि एक रेडियल कधीही लावू नये. दोनच रेडियल घेणार असाल तर ते मागे लावावेत. जुन्या चाकांत ट्यूब घालूनच टायर बसवावा. बिनट्यूबचा टायर धरून ठेवणारी कड त्यांना बहुधा नसते.

शेवटी हवा. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी असा आपल्याकडे समज आहे. तो उलटा आहे. गार चाकातली ३० पौंड हवा तापल्यावर सुमारे ३५ होते, हे कारखानदाराने हिशेबात धरलेले असते. हवा कमी असली तर टायर अधिक वाकतो, अधिक तापतो आणि तिथेच फुटतो. सकाळी, चाके गार असताना, सांगितली तेवढी हवा भरावी.

मी पाचही टायर बदलले. खर्च जाणवला. पण आईला पुढच्या वेळी गाडीत बसायला सांगताना मान खाली घालावी लागली नाही. त्या पंक्चरवाल्या मुलाला भेटून आलो. तो हसला आणि आधी आकडे वाचू लागला.

श्रोतेहो, तुमच्या दारात मोटार नसेल, पण गावातली मुले ज्या गाडीतून शाळेत जातात ती रोज तुमच्यासमोरून जाते. उद्या ती फाटकाशी उभी राहील तेव्हा गुरुजींनी जरा वाकावे आणि ते चार आकडे वाचावेत. नक्षीवर भरवसा ठेवू नये.