हापूसच्या कोयीला हापूस का येत नाही?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

माझ्या आधी कीर्तन झालं आणि नंतर महाप्रसाद आहे, तेव्हा थोडक्यात आटोपतो.

मी उद्यानिकी खात्यात आहे, शिक्षण कृषी डिप्लोमा. ओळखीची माणसं हमखास विचारतात, हापूसची कोय लावली, मग आंबे आंबट का निघाले? आमच्या घरीही तेच झालं. रत्नागिरीहून आलेल्या पेटीतली एक कोय बाबांनी अंगणात लावली, नऊ वर्षं पाणी घातलं. पहिला बहर आला तो आंबट आणि रेषाळ. बाबांनी सगळा दोष माळव्याच्या काळ्या मातीला दिला. माती बिचारी निर्दोष होती.

आंब्याच्या पेशीत ४० गुणसूत्रं असतात, म्हणजे २० जोड्या. जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं. झाड वाढताना पेशी दुभंगते तेव्हा चाळीसच्या चाळीसांची नक्कल होऊन दोन्हीकडे जाते, म्हणून फांदी झाडासारखीच असते. पण मोहोराच्या कळीत परागकण आणि अंडपेशी तयार होताना निराळाच प्रकार चालतो. त्याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. आधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते. मग जोडीदार एकमेकांना बिलगून बसतात आणि आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. त्यानंतर जोड्या फुटतात, पुन्हा एक विभागणी होते आणि चार पेशी उरतात, प्रत्येकीत २० गुणसूत्रं. (अंडपेशीच्या बाजूला चारांतली एकच कामी येते, बाकीच्या वाया जातात.)

जोडीतलं कोणतं गुणसूत्र कुठे जाईल याला नियम नाही. नुसत्या या वाटणीचे १०,४८,५७६ प्रकार होतात, तुकड्यांची अदलाबदल आणखी वेगळी. त्यात परागकण माशीच्या पायाला चिकटून कुठल्या झाडावरून येईल ते ती माशीच जाणे. मग तोच हापूस पुन्हा जुळायचा कसा? म्हणून कलम. कलमात पत्ते पिसलेच जात नाहीत, जुनी फांदीच पुढे वाढते. आपल्या अलीराजपूरकडच्या कट्ठीवाड्याचा तो भलामोठा नूरजहाँ आंबाही कलमानेच वाढवतात.

पिसण्याचा फायदाही आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ दिला. कलमं करत बसलो असतो तर रत्ना झालाच नसता.

माणसात २३ जोड्या. वाटणीचे प्रकार ८३,८८,६०८. म्हणजे जवळजवळ चौऱ्याऐंशी लक्ष! हा निव्वळ योगायोग आहे, कृपया व्हॉट्सॲपवर पाठवू नका. आणि हे एकाच पालकाचं झालं. दोघांचे मिळून सत्तर लाख कोटींच्या वर जातात.

आमचा दादा इंजिनिअर, मी डिप्लोमा. “एकाच आईबापाची मुलं, मग हा असा कसा?” हे मी लहानपणापासून ऐकत आलो. आळस गुणसूत्रांवर ढकलत नाही, तो माझा मीच कमावलेला आहे. पण दादाच्या आणि माझ्या हातात पत्ते वेगळे आले होते, एवढं आता सांगता येतं.

परवा बाबांना हे सगळं समजावलं. म्हटलं, त्याच झाडावर हापूसचं कलम बांधून देतो, जुन्या झाडावरही ते करता येतं. बाबांनी झाडाकडे पाहिलं आणि म्हणाले, “नको. तुझ्या आईला लोणच्याला हेच लागतात.”