बावखल आणि बोडी

(भंडारा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



धर्मसंस्थेचे नाव निघाले की आपला कार्यकर्ता सावध होतो, आणि त्या सावधपणाला इतिहासाचा आधारही आहे. तथापि वसईच्या ख्रिस्ती समाजाने आपल्या भूमीसाठी जो लढा दिला, त्याची दखल समाजवाद्यांनी घेतली नाही, तर नुकसान आपलेच होईल.

वसईची किनारपट्टी केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्यांची. या वाड्यांचा आधार विहीर आणि बावखल, म्हणजे पावसाचे पाणी साठविणारे व मुरविणारे छोटे तळे. १९८० नंतर मुंबईची वाढ तेथवर पोचली. बावखले बुजू लागली, विहिरींचे पाणी टँकरने शहराकडे जाऊ लागले. समुद्रकाठी गोडे पाणी उपसले की खारे पाणी त्याची जागा घेते. नफा बिल्डरच्या आणि टँकरवाल्याच्या खिशात. खारी झालेली विहीर मात्र शेजाऱ्याच्या पदरी! बाजाराच्या जमाखर्चात हा तोटा कोठेच मांडला जात नाही.

तो जाहीरपणे मांडला हरित वसई संरक्षण समितीने. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचे अग्रणी होते. दहशतीला न जुमानता माणसे रस्त्यावर उतरली, आणि त्यांत अन्य धर्मीयही होते. पोप फ्रान्सिस यांचे पर्यावरणविषयक परिपत्रक २०१५ चे. वसईने त्याच्या कितीतरी आधी हा मार्ग धरला होता. दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले.

या लढ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. वसईची हिरवाई आक्रसतच गेली, आणि जमीन विकणारे हात पुष्कळदा वाडीतलेच होते. केवळ उपदेशाने जमिनीचा भाव उतरत नाही; त्यासाठी कायदा हवा आणि शेती परवडली पाहिजे.

भंडाऱ्याला हे परके नाही. कोहळी समाजाच्या कौशल्यातून येथील तलाव आणि बोड्या उभ्या राहिल्या. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. परंतु तलाव सरकारचे झाले आणि गाळ मात्र कोणाचाच राहिला नाही. मालकी बदलली, म्हणजे जबाबदारी आपोआप उभी राहते असे नव्हे. ती संघटित करावी लागते. वसईत ते काम प्रार्थनेला जमणाऱ्या माणसांनी केले. येथे ते ग्रामसभेला जमणाऱ्या माणसांनी करावयाचे आहे. त्या सभेत आपला कार्यकर्ता असणार आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.