क्ष-किरणांची छाया आणि पाहणाऱ्याची दृष्टी



डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले आणि पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. क्षयाच्या काळात ‘फोटोत डाग निघाला’ हे शब्द घराघरांत धास्तीने उच्चारले जात. आजही दवाखान्याच्या पायरीवर पाकिटातून फिल्म काढून उन्हाकडे धरली जाते, आणि डॉक्टरांच्या आधी नातेवाइकांचे निदान होऊन जाते!

चित्र सर्वांना एकच दिसते. कळते मात्र निरनिराळे. छातीच्या चित्रात हवेने भरलेले निरोगी फुप्फुस काळे उमटते, हाड पांढरे. अजाण डोळ्याला तो काळोखच रोग वाटतो. किरण पाठीकडून आले की छातीकडून, श्वास पुरता भरला होता की नाही, एवढ्यानेही हृदयाची छाया लहानमोठी होते.

उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. काहीतरी आहे अशी जाणीव, ते काय असावे याचा शोध, मग निश्चय, आणि तो मनात टिकणे. तज्ज्ञाच्या चित्रवाचनाला हे वर्णन चपखल लागू पडते. १९७५ साली कुंडेल व नोडीन या अमेरिकन संशोधकांनी क्ष-किरणतज्ज्ञांना छातीची चित्रे केवळ एक-पंचमांश सेकंद दाखविली. तेवढ्यातही सुमारे ७० टक्के सदोष चित्रे ओळखली गेली. निवांत पाहू दिल्यावर हे प्रमाण ९७ टक्क्यांवर गेले. पहिला अवग्रह असा तीक्ष्ण असतो; पण उरलेल्या रुग्णांचे भवितव्य ईहेसाठी दिलेल्या वेळेवर अवलंबून असते.

तथापि सराव हा दुधारी आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फुप्फुसाच्या सीटी चित्रांत गाठी शोधणाऱ्या २४ तज्ज्ञांपुढे, त्याच चित्रांत गोरिलाची आकृती मिसळून ठेवली होती. ती गाठीच्या ४८ पट मोठी होती. २० जणांना ती दिसली नाही, आणि त्यांतील अनेकांची नजर नेमकी त्याच जागेवरून फिरली होती. हा निष्काळजीपणा नव्हे. मन गाठ शोधीत होते, म्हणून डोळ्यांनी गाठच पाहिली.

उलटही घडते. १९९४ साली कंबरदुखी मुळीच नसलेल्या ९८ जणांचे एम.आर.आय. तपासले गेले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या मणक्यांतील चकती फुगलेली आढळली. अहवालातील तेवढाच शब्द वाचून कित्येकजण उगाच अंथरूण धरतात. चित्रात दिसलेले आणि शरीरात दुखणारे एकच आहे का, हे रुग्णाला तपासूनच ठरते. म्हणूनच तपासणीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘छातीचा फोटो’ एवढेच न लिहिता ताप किती दिवसांचा, खोकल्यातून रक्त पडते का, पूर्वी क्षय झाला होता का, हे लिहावे. आणि रुग्णाने जुनी फिल्म रद्दीत न टाकता सोबत न्यावी. दहा वर्षांपूर्वीही तोच डाग तसाच होता, हे त्या जुन्या फिल्मवाचून कळायला दुसरा सोपा मार्ग नाही.