पदवीचा पेरा आणि नोकरीचा भाव
(इटियाडोह येथील बैठकीतील भाषण)



गाढवी नदीवरच्या या धरणाकाठी आलो की आपल्या कोरडवाहूवाल्याला वाटते, असा पाट आपल्या शिवारात असता तर! तशीच एक आशा आज कापूस-ज्वारीच्या घरोघरी आहे. पोरगा कॉम्प्युटर इंजिनीयर झाला की घरात बारमाही पाट सुरू. याचा हिशेब आज मांडू.

आशा खोटी नाही. १९८३ साली राज्याने विनाअनुदानित इंजिनीयरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली. पुढे हिंजवडीत, मग नागपूरच्या मिहानमध्ये कंपन्या आल्या. शेतकऱ्यांची पोरे तिथे लागली, त्यांनी बापाची कर्जे फेडली. पण या पाटाला पाणी कुठून येते? कंपन्यांचे मोठे गिऱ्हाईक अमेरिका-युरोपात. २००१ आणि २००८ साली तिकडे दुष्काळ पडला, इथली भरती आटली. म्हणजे हीही कोरडवाहू शेतीच.

दुसरी गोष्ट पेऱ्याची. भाव आला की सारे एकच पीक लावतात, मग काय होते ते तुम्हाला सांगायला नको. २०२४-२५ पासून कॉलेजांच्या जागांवरची वरची मर्यादा उठली. कॉम्प्युटरचा पेरा वाढला. उलट एकट्या टीसीएसमध्ये २०२३-२४ या वर्षात माणसे १३ हजारांनी घटली आणि २०२५ मध्ये आणखी सुमारे १२ हजारांची कपात जाहीर झाली. मोठ्या कंपन्या नवख्याला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात. दहा वर्षांपूर्वीही जवळपास तेवढेच देत. खर्च वाढला, भाव तिथेच! त्यात २०२२ च्या अखेरीपासून सोपे प्रोग्राम यंत्रच लिहू लागले.

मग पोरांना पाठवू नये काय? जरूर पाठवा. पण बियाणे घेताना पिशवीवरचे चित्र न पाहता उगवण पाहतो, तसे पाहून पाठवा.

एक, गेल्या तीन वर्षांत किती पोरे कुठे लागली, हे कॉलेजला लेखी मागा. सर्वांत मोठा पगार ऐकू नका, मधला विचारा.

दोन, शेत विकू नका. सरकारी हमी योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. मात्र शिकत असतानाही व्याज चढते, हे ध्यानात ठेवा.

तीन, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास, मराठा आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. लेक हुशार असेल तर तिला मागे ठेवू नका.

चार, गणित, इंग्रजी पक्के करा, आणि पोराने शिकता शिकताच चालणारे काम उभे करून दाखवावे.

आम्हीही शेतकीची पदवी घेतली. कागदाला कुणी भाव दिला नाही, हातातल्या कामाला दिला. आज शेती तोट्याची म्हणून पोरे शेतातून पळतात. पळणाऱ्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो. घामाचे दाम घरात येऊ लागले तर तेच पोर ताठ मानेने कंपनीशी भाव ठरवील. म्हणून कापसाच्या भावाची लढाई आणि पोराच्या नोकरीची लढाई, भावांनो, एकच आहे.