एक षष्ठांश कोडिंग



संगणक अभियांत्रिकी शिकवणाऱ्यांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. आभाराचं काम कार्यक्रमपत्रिकेत दुसऱ्या कुणाकडे आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

प्राध्यापकभरतीच्या जाहिरातीत हल्ली ‘इंडस्ट्रीचा अनुभव असल्यास प्राधान्य’ ही ओळ असतेच. त्या अनुभवाचं पुढे वर्गात काय करायचं, हे मात्र मुलाखतीत कुणी विचारत नाही. फ्रेड ब्रुक्स यांनी ते करून दाखवलं, म्हणून आज त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

आयबीएमच्या सिस्टीम/३६० या संगणकमालिकेचं काम ब्रुक्स सांभाळत होते. एप्रिल १९६४ मध्ये ती मालिका जाहीर झाली आणि तिची ऑपरेटिंग सिस्टीम त्यांच्या गळ्यात पडली. ऐन भरात हजाराहून जास्त माणसं राबत होती, तरी काम रखडलंच. त्यांनी कंपनी सोडली तेव्हा सर्वेसर्वा टॉम वॉटसन यांनी विचारलं, सॉफ्टवेअरचं काम सांभाळणं एवढं अवघड का असतं? त्याचं सविस्तर उत्तर १९७५ मध्ये छापून आलं : ‘द मिथिकल मॅन-मंथ’. तोवर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिलला, त्यांनी स्वतः उभा केलेला संगणकशास्त्र विभाग चांगला रुजला होता.

रखडलेल्या कामावर आणखी माणसं लावली की ते आणखी रखडतं, हा त्यांचा नियम आपल्या पोरांना तोंडपाठ असतो. मला त्याच पुस्तकातली वेळेची वाटणी जास्त मोलाची वाटते. एक तृतीयांश वेळ आखणीला, एक षष्ठांश कोडिंगला आणि उरलेला निम्मा तपासणीला. हे प्रमाण आपल्या टाइमटेबलाला लावून बघा. (एचओडी मंडळींनी जरा बेतानेच.)

ब्रुक्स यांचं संशोधनही याच मुशीतलं. संगणकशास्त्रज्ञ म्हणजे दुसऱ्यांसाठी हत्यारं घडवणारा कारागीर, असं ते मानत. प्रथिनांच्या रेणूंची रचना उलगडू पाहणारे जीवरसायनशास्त्रज्ञ त्यांनी सोबत घेतले आणि त्यांच्या अडचणींतून ग्राफिक्सचं संशोधन पुढे नेलं. हत्यार बरं की वाईट, हे वापरणारा ठरवणार.

आता आपल्याकडे या. बी.ई.च्या तोंडी परीक्षेत चार मुलं ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’ दाखवतात. लॉगिन झकास, रंगसंगती देखणी. मी विचारतो, “आपल्या ग्रंथपालांना हे दाखवलंत का?” मुलं गाइडकडे बघतात, गाइड फाइलकडे. ग्रंथपाल त्याच इमारतीत बसलेले असतात. पुस्तक हरवलं, पान फाटलं, निवृत्त प्राध्यापकांनी पुस्तकं परत केली नाहीत, अशा भानगडी त्यांच्या रोजच्या. त्यातली एकही त्या प्रोजेक्टमध्ये नसते. पुढच्या वर्षी तोच विषय नव्या मुलांकडे जातो आणि श्रीगणेशा पुन्हा लॉगिनपासून.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक गटाला खराखुरा वापरणारा माणूस हवा : दवाखान्यातला कंपाउंडर चालेल, दूधसंस्थेचा सचिव चालेल. निदान वीस गुण त्याच्या हातात द्यावेत. आणि दर वर्षी काही गटांनी नवं काही न बांधता आधीच्या बॅचचं काम दुरुस्त करावं. कंपनीत गेल्यावर बहुतेकांच्या वाट्याला पहिल्यांदा तेच येतं.

नियमात बसत नाही, असं अभ्यासमंडळाचे सदस्य म्हणतील. दुपारच्या सत्रात नियमावली घेऊनच बसू या. कुठलं कलम आड येतं, ते मला दाखवा.